मोटारीचा गिअरबॉक्स आणि आपण
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



आपल्या मासिक सभेत आजवर लोणची-मुरंबे झाले, बाळाचे दात येणे झाले, पोस्टातील बचतही झाली. आज फळ्यावर 'मोटारीचा गिअरबॉक्स' हा विषय वाचून पुष्कळजणींनी एकमेकींकडे पाहून हसून घेतले, ते मी पाहिले आहे. हसा खुशाल. पण जिना उतरताना खाली अंगणात एकवार नजर टाका. एके काळी जेथे सायकली आणि एखादी स्कूटर उभी असे, तेथे आता मोटारी दाटीने उभ्या आहेत. त्यांचा हप्ता घरखर्चातूनच जातो. आपल्यापैकी तिघी-चौघी स्वतः मोटार चालवतात, दोघींच्या सुना शिकत आहेत. मग मोटारीचे दुखणे ही पुरुषांची बाब, असे म्हणून आपण किती दिवस बाजूला बसावयाचे?

मी काही इंजिनिअर नव्हे. शिक्षण सातवीपर्यंत. परंतु आमच्या घरी भाड्याने चालणारी गाडी आहे. यजमान ती चालवतात आणि तिच्या जमाखर्चाची वही माझ्याकडे असते. वहीत रकमा लिहिता लिहिता 'हे कशाचे?' असे विचारण्याची मला सवय लागली आणि त्यातून जे कळले ते आज सांगते.

तसा मोटारीशी आपल्या गावाचा संबंध जुना आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिची पद्मिनी गाडी कुर्ल्याला तयार होई. याच कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात १९९० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या प्युजो कंपनीची ३०९ ही मोटारही होत असे. तो उद्योग बंद पडला, पण कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमिअर कॉलनी आणि प्रीमिअर मैदान ही नावे आपण अजून घेतो. पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी तुम्हां सर्वांना आठवत असेल. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असे. मुंबईत ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून कायमची गेली.

आणखी एक गोष्ट सांगते, ती आपल्या मंडळात सांगण्याजोगीच आहे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बेर्था बेंझ ही बाई, नवऱ्याने तयार केलेली तीन चाकांची मोटार त्याला न सांगता घेऊन निघाली. बरोबर दोन मुलगे. मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे माहेरी. अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास. इतक्या लांबचा मोटारीचा प्रवास त्यापूर्वी कोणी केला नव्हता. चढ आला की मोटार दम टाकी आणि मुलांना उतरून ढकलावे लागे. वाटेत ब्रेक झिजला, तर बाईंनी चांभाराकडून त्याला कातडे लावून घेतले. परत आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितले, चढासाठी आणखी एक गिअर बसवा. तेव्हा गिअर हा विषय बायकांचा नाही असे कोणी म्हटले, तर हे नाव लक्षात ठेवा.

आता गिअर म्हणजे काय ते पाहू. आपल्या शिवणवर्गातील पायाची मशीन डोळ्यांपुढे आणा. खाली मोठे चाक, वर लहान चाक, मध्ये कातड्याचा पट्टा. खालचे चाक एकदा फिरले की वरचे अनेकदा फिरते. वेग वाढला, पण जोर कमी झाला. म्हणूनच जाड जीनचे कापड आले की सुई अडते. हेच उलट केले, लहान चाकाने मोठे चाक फिरवले, तर वेग कमी आणि जोर जास्त. मोटारीचे इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते, पण त्याचा जोर थेट चाकाला लावला तर उभी गाडी जागची हलणार नाही. पहिल्या गिअरमध्ये लहान मोटारीच्या इंजिनाचे बारा-पंधरा फेरे होतात तेव्हा रस्त्यावरच्या चाकाचा एक होतो. वरच्या गिअरमध्ये तेच काम तीन-चार फेऱ्यांत होते. गिअरबॉक्स म्हणजे निरनिराळ्या मापाच्या दातेरी चाकांची पेटी. इंजिनाचा जोर केव्हा जोर म्हणून घ्यावयाचा आणि केव्हा वेग म्हणून, ते ही पेटी ठरवते.

याच मशीनमध्ये क्लचही आहे, हे मात्र पुष्कळजणींच्या ध्यानात आले नसेल. बॉबिन भरताना हातचाकाची मधली चकती आपण सैल करतो. चाक फिरत राहते, सुई थांबते. मोटारीत डाव्या पायाने क्लच दाबला की असेच होते. इंजिन फिरत राहते आणि गिअरबॉक्स त्यापासून सुटा होतो. पाय सोडला की क्लचप्लेट इंजिनाच्या जड चाकाला चिकटते आणि दोघे एकत्र फिरू लागतात. या प्लेटवर दोन्ही बाजूंनी घर्षणाचा थर असतो. पाय सोडताना ती क्षणभर घासत घासत चिकटते, म्हणून गाडी धक्का न देता निघते. हे घासणे जितके थोडे, तितकी प्लेट जास्त दिवस टिकते. सगळे मर्म येथेच आहे.

आपल्या भागात क्लच लवकर का जातो, याचे उत्तर रस्त्यावर आहे. कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ च्या नोव्हेंबरात पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत सुरू झाला. मधल्या दोन वर्षांत तेथे ज्यांनी रांगेत गाडी चालवली त्यांना विचारा. शीळफाटा रोजचाच. घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा घाट तर सर्वांत वाईट, कारण तेथे रांगही आहे आणि चढही. अशा चढावर कित्येकजण ब्रेक न लावता, क्लच अर्धवट दाबून आणि ॲक्सिलरेटर थोडा देऊन गाडी जागेवर तरंगत ठेवतात. बाहेरून कौशल्य वाटते. आत प्लेट करपत असते. थांबावयाचे असेल तर हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलमध्ये आणावा आणि दोन्ही पायांना विसावा द्यावा. पुढची गाडी वीतभर सरकली की आपणही सरकलेच पाहिजे असे नाही. दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्या, मग एकदाच पुढे जा. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू दे. त्याच्या हॉर्नने आपले बिल भरले जात नाही.

दुसरी खोड म्हणजे चालताना डावा पाय क्लचच्या पॅडलवर टेकवून ठेवणे. पायाच्या नुसत्या भारानेही प्लेटची पकड थोडी सैल होते आणि आतले बेअरिंग विनाकारण झिजते. तसाच हात. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून गप्पा मारीत जाणारे पुष्कळ आहेत. त्या हाताचा भार आत गिअर सरकवणाऱ्या काट्यावर पडतो. काम झाले की हात स्टिअरिंगवर.

'बायका क्लच जाळतात' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. शिकणारा कोणीही क्लच घासतो, मग तो मुलगा असो की सून. सवय लागेपर्यंत तिला मोकळ्या मैदानात शिकू द्यावे, गायमुखच्या चढावर नेऊन परीक्षा घेऊ नये, इतकेच मी म्हणेन. ठाण्यात अबोली रंगाच्या रिक्षा आपल्यासारख्याच बायका चालवतात. रिक्षात क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या हाताच्या मुठीत असतात, आणि दिवसातून किती वेळा ती मूठ वळत असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

आता घाट उतरण्याविषयी, कारण येथे प्रश्न पैशाचा नसून जिवाचा आहे. नाशिकहून येताना कसारा घाट किंवा जुन्नरकडून येताना माळशेज उतरताना काहीजण पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. गाडी घरंगळत जाते आणि सर्व भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेला ब्रेक तापतो, आणि फार तापला की धरेनासा होतो. गिअर लावलेला असेल तर इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. ज्या गिअरने तो चढ चढला असता, त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम अगदी बरोबर आहे. आणि पेट्रोल तरी कोठे वाचते? हल्लीच्या गाड्यांत गिअर लावून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर उतारावर इंजिनाला पेट्रोल जाणेच बंद होते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी थोडे थोडे जळतच राहते. म्हणजे जिवाला धोका देऊन वर तोटाच. आपल्या घरातील कोणी असे करीत असेल, तर शेजारी बसून गप्प राहू नका.

गिअरबॉक्समध्ये स्वतंत्र ऑइल असते. इंजिनाचे ऑइल वेगळे, हे वेगळे. लहान मोटारीत ते दोन लिटरांच्या आसपास असते. ते इंजिनातल्यासारखे जळत नाही, म्हणून कोणाला त्याची आठवण राहत नाही. दातेरी चाके या ऑइलात भिजून फिरतात. ते कमी झाले की आधी घुरघुर ऐकू येते आणि मग बेअरिंग जाते. बहुतेक गाड्यांत ते पाहण्यासाठी पट्टी नसते. पेटीच्या बाजूला एक बोल्ट असतो. गाडी सपाट उभी असताना तो काढला की ऑइल भोकाच्या कडेपर्यंत लागले पाहिजे. जाणता मिस्त्री ऑइल बदलताना खालचा बोल्ट सोडण्याआधी हा वरचा सैल होतो का ते पाहतो. कारण खालून सर्व ऑइल सांडले आणि वरचा गंजून बसला, तर नवे भरावयाचे कोठून? किती किलोमीटरला बदलावयाचे हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेले असते. कोणत्या जातीचे घालावयाचे तेही. हे महत्त्वाचे आहे, कारण गिअर बदलताना चाकांचे वेग जुळवून घेण्यासाठी आत पितळी कड्या असतात आणि काही जातींच्या ऑइलातील मसाला पितळेला बाधतो. ही वेग जुळवण्याची युक्ती १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत आली. त्यापूर्वी ड्रायव्हरला क्लच दोनदा दाबून अंदाजाने वेग जुळवावा लागे, नाहीतर कर्रर्र! आपण क्लच पुरता न दाबता गिअर ढकलला की आजही तोच आवाज येतो.

काढलेले ऑइल मात्र जरूर पाहावे. खालच्या बोल्टला पुष्कळदा लोहचुंबक असते. त्यावर काजळासारखा राखाडी लेप दिसला तर काळजी नको, ती वयाप्रमाणे होणारी झीज. चमकणारे तुकडे दिसले तर दाताला इजा झाली आहे.

आता गॅरेजचा प्रसंग सांगते, कारण त्यातून तपासणीची एक साधी रीत कळेल. आमच्या गाडीचा गिअर पडेनासा झाला. रिव्हर्स टाकताना तर दात खाल्ल्यासारखा आवाज. एका गॅरेजात दाखवली. तेथील मिस्त्रीने दांडा दोनदा हलवून सांगितले, "गिअरबॉक्स गेला. पूर्ण बदलावा लागेल, पंचेचाळीस हजार." गाडीचे तीन हप्ते आणि मुलीची कॉलेजची फी मिळून जी रक्कम होते, ती ही. ह्यांचा चेहरा उतरला. मी मागच्या सीटवर होते. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. सकाळी गाडी सुरू करण्याआधी ह्यांनी सवयीने सर्व गिअर टाकून पाहिले होते आणि तेव्हा ते लोण्यासारखे पडले होते. इंजिन बंद असताना गिअर पडतात आणि चालू असताना पडत नाहीत, तर दोष पेटीत कसा असेल? मी तसे विचारले. मिस्त्रीने उत्तर दिले ते ह्यांच्याकडे पाहून. माझ्याकडे पाहिलेही नाही. "वहिनींना यातले काय कळणार?" इतकेच म्हणाला. आम्ही गाडी परत आणली.

दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी आधी इंजिन बंद करून गिअर टाकून पाहिले, मग चालू करून. मान हलवली आणि बॉनेट उघडून क्लचच्या तेलाची डबी पाहिली. ती जवळजवळ रिकामी. क्लचच्या पॅडलचा जोर तेलाच्या नळीतून पुढे जातो, आणि तो पोचवणाऱ्या सिलिंडरमधील रबरी सील फाटले होते. आपल्या कुकरचे रबर फाटले की वाफ धरत नाही, तसेच. पॅडल तळापर्यंत दाबले तरी क्लच पुरता सुटत नव्हता, म्हणून गिअर बिचारे भांडत होते. सिलिंडर बदलला, नवे तेल घातले, नळीतील हवा काढली. मजुरीसकट दोन हजार तीनशे रुपये. वहीत नोंद आहे.

तेव्हा ही पहिली चाचणी लिहून घ्या. इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावे. सहज पडले आणि इंजिन चालू केल्यावर अडले, तर क्लच सुटत नाही. बंद असतानाही अडले, तर दांड्याच्या केबली किंवा पेटीचा आतील भाग पाहावा. दुसरी चाचणी आवाजाची. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घुरघुर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर पेटीच्या तोंडचे बेअरिंग खराब. याउलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लचचे बेअरिंग. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्या गिअरचे चाक. वळण घेताना चाकाकडून कटकट ऐकू आली, तर तो बहुधा गिअरबॉक्सच नव्हे; चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचे रबरी बूट फाटून ग्रीस निघून गेले असते. बूट वेळीच बदलले तर काम थोडक्यात आटपते. तिसरी चाचणी: चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, गाडीचा वेग मात्र वाढत नाही आणि करपट वास येतो, तर प्लेट झिजून घसरत आहे. मशीनचा पट्टा सैल झाला म्हणजे पाय चालतो आणि सुई चालत नाही, त्यातला प्रकार.

प्लेट खरोखरच गेली असेल तर मिस्त्री प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण संच बदलण्यास सांगेल. त्यावेळी 'हा लुबाडतो' असे मानू नये. क्लच हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये दडलेला असतो. त्याच्यापर्यंत पोचण्यास चाकांचे दांडे काढावे लागतात, ऑइल सोडावे लागते, सगळी पेटी खाली उतरवावी लागते. दिवसभराचे काम. तीन वस्तूंपैकी एक वाचवली आणि चार महिन्यांनी ती गेली, तर तीच मजुरी पुन्हा. पेटी खाली आलेलीच आहे तर ऑइलचे सीलही पाहून घ्या म्हणावे. मात्र काम सुरू होण्यापूर्वी काय काय बदलणार ते लिहून घ्यावे आणि काढलेले जुने भाग परत मागावे. मला ते कशाला हवेत असे विचारले जाते. मी म्हणते, पाहण्यासाठी. नवी प्लेट आणि जुनी प्लेट शेजारी ठेवली की थर किती झिजला ते कोणालाही दिसते.

पावसाळ्याचे सांगावयाचे राहिले. २६ जुलै २००५ चा दिवस येथे कोण विसरेल? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आपल्याकडेही घराघरांत पाणी शिरले. २०१९ च्या जुलैअखेर उल्हास नदीला पूर आला, बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, त्या दिवशीही कित्येक मोटारी बुडाल्या. अशी गाडी पाणी ओसरताच सुरू करून पाहण्याची घाई करू नये. इंजिनाचे सर्वांना ठाऊक असते. पण गिअरबॉक्सलाही हवा खेळण्यासाठी वर एक बारीक तोंड असते आणि त्यातून पाणी आत जाते. आतील ऑइल दुधाळ, चहासारखे दिसले तर पाणी शिरले समजावे आणि ते सगळे बदलावे. तसेच बुडालेली गाडी महिनाभर तशीच उभी राहिली तर क्लचप्लेट गंजून चिकटून बसते.

आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांविषयी थोडक्यात सांगते. त्यांच्यात अनेक जाती आहेत. २०१४ साली मारुतीने सेलेरिओ गाडीत जी आणली, तिच्यात क्लच आणि गिअरबॉक्स नेहमीचेच असतात. फक्त पायाचे आणि हाताचे काम यंत्र करते. म्हणून डाव्या पायाला काम नाही तरी प्लेट झिजतेच, आणि चढावर ॲक्सिलरेटरने गाडी रोखून धरली तर ती तशीच करपते. ब्रेक लावावा. दुसऱ्या जातीत क्लचऐवजी तेलाच्या भोवऱ्याने जोर पोचवला जातो. तिच्या ऑइलाची जात फार काटेकोर असते. अशा गाडीत उभी करताना आधी हँडब्रेक लावावा आणि मग दांडा 'पी' वर न्यावा. नाहीतर उतारावर सगळ्या गाडीचा भार आत एका लहानशा खिट्टीवर लटकतो. बंद पडली तर दोरीने ओढून नेऊ नये, उचलून गाडीवर घालून न्यावी.

विजेच्या मोटारीत गिअर बदलण्याची भानगडच बहुधा नसते, कारण विजेची मोटर सुरुवातीपासूनच पूर्ण जोर देते, आपल्या मिक्सरसारखी. क्लच नाही, दांड्याशी झटापट नाही. तरीही वेग कमी करणारी दातेरी चाकांची एक जोडणी तिच्यातही असते आणि तिलाही ऑइल लागते.

येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता आमची गाडी मंडळाच्या अंगणात उभी राहील. ऑइलचा बोल्ट कोठे असतो, क्लचच्या तेलाची डबी कोणती, हे मी ज्यांना पाहावयाचे असेल त्यांना दाखवीन. इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहण्याची चाचणीही एकेकीने करून पाहावी. जुनी साडी नेसून यावे, ऑइलाचे डाग निघत नाहीत.